मदत हवी आहे: लॅपटॉप ८०% च्या पुढे चार्जच होत नाही

नमस्कार मंडळी,

चार वर्षं जुना लॅपटॉप आहे, विंडोज ११. गेले पंधरा दिवस चार्जिंग ८० टक्क्यांवर येऊन अडतं. रात्रभर लावून ठेवला तरी सकाळी आकडा तोच, आणि खाली ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. आमच्याकडे गुरुवारी दुपारभर लाइट नसते, त्यामुळे तो उरलेला वीस टक्क्यांचा पल्ला मला फार महागात पडतो.

आधी वाटलं बॅटरी म्हातारी झाली. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढला: मूळ क्षमता ४२,००० मिलीवॉट-अवर, आता ३३,००० च्या आसपास. म्हणजे झिजली आहे, कबूल. पण माझ्या समजुतीप्रमाणे टक्केवारी आत्ताच्या क्षमतेवर मोजतात, मग झिजलेली बॅटरीसुद्धा १०० दाखवायला हवी ना?

बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून कंपन्या चार्जिंग ८० वर थांबवायची सोय देतात, हे माहीत आहे. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ती बंदच दिसते. चार्जर मूळचाच, ६५ वॉटचा. बॅटरीचा ड्रायव्हर काढून परत टाकला, चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. फरक शून्य.

हीच मर्यादा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेगळी लावलेली असू शकते का? तिथे हात घालायला जरा भीती वाटते. दुकानदार लॅपटॉप न उघडताच ‘बॅटरी बदला, साडेतीन हजार’ म्हणाला. कोणाला असा अनुभव असेल तर सांगा, तोवर पैसे खर्च करत नाही.