पुराचं पाणी येणाऱ्या घरात ईव्ही चार्जर कुठे बसवायचा? (चिपळूण)

गुहागर_अपडाउन

नमस्कार मंडळी. घर चिपळुणात, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. खाली पडवी आणि दोन खोल्या, वर माडी. नोकरी गुहागर तालुक्यात शाळेवर, जाऊनयेऊन रोजचे नव्वद किलोमीटर. आता पंच ईव्ही बुक केली आहे, 35 युनिटच्या बॅटरीची. शोरूमकडून चार्जर बसवणारा मुलगा जागा बघून गेला. त्याचं म्हणणं, पडवीच्या खांबावर चार फुटांवर बॉक्स ठोकू, मीटर शेजारीच आहे, वायर कमी लागेल.

22 जुलै 2021 ला त्याच पडवीत माझ्या डोक्यावर पाणी होतं. भिंतीवरची रेघ रंग मारताना मुद्दाम ठेवली आहे. टेप लावून मोजली तर सहा फूट दोन इंच. त्या मुलाला दाखवली, तर म्हणाला, "मॅडम, हा आयपी 67 आहे, पाण्याचं काही टेन्शन नाही."

मला टेन्शन आहे. तर जाणकारांनी सांगावं: बॉक्स किती उंचीवर हवा? 3.3 किलोवॉटचं चार्जिंग पुरेल की 7.2 चंच घ्यावं? अर्थिंग सासऱ्यांच्या काळातलं आहे, कोळसा-मीठ घातलेलं, ते चालेल का? आणि चार्जिंगसाठी वेगळा मीटर घ्यावा का? (सासऱ्यांचं मत विचारू नका. ते म्हणतात गाडीच नको.)

औंधकर_ईव्ही

ताई, डोळे मिटून 7.2 घ्या. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी तेच लावलंय, पाच तासांत फुल. 3.3 वर रात्रभर गाडी लावून बसायचं म्हणजे वैताग. पुराचं मला माहीत नाही, आमचं पार्किंग दुसऱ्या मजल्यावर आहे.

जांभ्यातला_वायरमन

औंधकर, तुमचं तुमच्या जागी बरोबर. इथं गणित वेगळं आहे.

ताई, मी सावर्ड्याकडचा, परवानाधारक ठेकेदार. 2021 च्या पुरानंतर गणपतीपर्यंत दुसरं कामच केलं नाही, चिपळुणात घरोघरी नुसते बोर्ड उघडत होतो. आयपी 67 वाले डबेही त्यात निघाले. वरून कोरडे ठणठणीत, आणि झाकण काढलं की आत वाशिष्ठीचा गाळ, दह्यासारखा बसलेला. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. तेही स्वच्छ पाणी, प्रयोगशाळेतलं. तुमच्याकडे दोन मीटरच्या आसपास पाणी होतं, गढूळ होतं आणि अर्ध्या तासात ओसरलं नाही. वर डब्याला केबलसाठी भोक पाडतात, तिथली ग्लँड (केबलभोवती आवळायची बूच) नीट आवळलेली नसली तर तो 67 आकडा खोक्यावरच राहतो.

आधी एक समजून घ्या. भिंतीवरच्या बॉक्सला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीत असतो. एसीचं डीसी तिथं होतं. भिंतीवरचा बॉक्स गाडीशी बोलतो, अर्थ तपासतो आणि कॉन्टॅक्टर (आतला आपोआप चालणारा स्विच) ओढून वीज सोडतो. म्हणून 3.3 की 7.2 हे गाडी कुठली घेतली यावर ठरतं. गाडीतला चार्जर 3.3 चा असेल तर भिंतीवर 7.2 चा बॉक्स लावूनही काडीचा फरक पडणार नाही. बुकिंगच्या कागदावर काय लिहिलंय ते आजच बघा.

तुम्हाला लागतं किती? नव्वद किलोमीटरला तेरा युनिट धरा, गळती धरून चौदा-पंधरा. 15 अँपिअरच्या प्लगवर आपल्याकडच्या व्होल्टेजला तासाला पावणेतीन युनिट सहज जातात. म्हणजे पाच-साडेपाच तास. रात्री अकराला लावा, पहाटे तयार. बॅटरी पार रिकामी करून पूर्ण भरायची तर तेरा-चौदा तास लागतील, पण रोज पार रिकामी कोण करतंय? उलट 7.2 घेतलंत तर सिंगल फेजवर गाडी एकटी 32 अँपिअर खेचणार. मग पंप आणि गिझर कशावर चालवणार? थ्री फेज घ्या, मंजूर भार वाढवा, स्थिर आकार वाढवा, हे सगळं मागून येतं. कराडला नाहीतर पुण्याला जायचं तर वाटेत डीसी चार्जर आहेत. रोजच्या गुहागरसाठी 7.2 म्हणजे पैसे उडवणं आहे.

आता जागा. खांबावर काही ठोकायचं नाही. तुमची रेघ सहा-दोनची, त्यावर दोन फूट सोडा, आठ फुटांच्या खाली विजेची एकही वस्तू नको. माडीच्या जिन्याच्या वरच्या टप्प्यावर भिंत असेल, तिथं 16 अँपिअरचा सॉकेट घ्या. गाडीबरोबर जो पोर्टेबल चार्जर येतो तो तिथंच खुंटीला टांगायचा, गन (केबलचं गाडीत खुपसायचं टोक) खाली सोडायची. पंचला चार्जिंगचं तोंड पुढे नाकात असतं, तेव्हा गाडी नाक जिन्याकडे करून लावा. पाऊस लागला, नदीची पातळी वाढायला लागली की प्लग काढून चार्जर माडीवर. भिंतीवरचा बॉक्स असा उचलून नेता येत नाही.

केबल वरून खाली आणा, खालून वर नेऊ नका. खालून नेली की पाणी पाइपात शिरतं आणि महिनाभर आत राहतं. माडीवर नवीन डीबी (सगळे स्विच असतात ती वाटप पेटी) बसवा आणि खालच्या मजल्याचं सर्किट वेगळ्या स्विचवर घ्या. पाणी आलं की खालचं बंद करायचं, वर दिवा-पंखा चालू राहतो. 2021 ला लोक माडीवर अंधारात बसले होते, त्यातल्या बऱ्याच घरांत हा एक स्विच असता तर चाललं असतं (अर्थात लाइन असेपर्यंत, नंतर सबस्टेशनच बंद होतं). मीटर वर सरकवायला महावितरणकडे अर्ज करावा लागतो. तो स्वतः किंवा ओळखीच्या माणसाकडून हलवून घेऊ नका.

सामान: चार स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, मधे जोड नाही, गाडीचं स्वतंत्र सर्किट. वीस मीटर लांबीला तीन-चार व्होल्ट पडतील, चालतं. 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडून पुरवठा तोडणारा स्विच), पण टाइप ए मागा. दुकानदार टाइप एसी पुढे करेल, स्वस्त असतो. गाडीच्या चार्जरमधून डीसीचा अंश परत येऊ शकतो, त्याने एसी टाइप आंधळा होतो आणि नेमका गरजेच्या वेळी पडत नाही. सर्ज प्रोटेक्टर लावा, आपल्याकडे दसऱ्याच्या आगेमागे विजा कशा कडाडतात ते तुम्हाला सांगायला नको. सॉकेटमध्ये पैसे वाचवू नका. गिझर अर्धा तास चालतो, गाडी सलग पाच तास. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बंद करा आणि बोलवा. पिनेच्या कडेला प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं की सॉकेट बदलायचाच.

अर्थिंगबद्दल सविस्तर लिहितो. जांभ्यात अर्थिंग म्हणजे डोकेदुखी. जुलैत मेगर (अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र) लावला तर सुंदर आकडा येतो, कारण चिरा पाणी पिऊन बसलेला असतो. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन कोरडी ठाक, आकडा कितीतरी पटीने वर जातो आणि गाडी लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारते. मग शोरूमला फोन, "गाडी बिघडली". गाडी शहाणी असते हो, तिला अर्थ सापडत नाही म्हणून ती थांबते. तुमचा कोळसा-मिठाचा खड्डा इतक्या वर्षांत मीठ धुऊन बसला असणार. तांब्याचा थर दिलेला रॉड, भोवती बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचं) मिश्रण, असे दोन खड्डे विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्याजवळ घ्या आणि पट्टीने जोडा. पाच ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. मोजणी मे महिन्यात.

मल्टीमीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट येतात ते आज कळवा.

इर्विनपुलाजवळ

सांगलीतून. 2019 ला कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली होती, त्यामुळे या विषयातलं थोडं कळतं. वायरमन दादांचं शंभर टक्के बरोबर. एकच भर: चार्जरपेक्षा गाडीचं बघा. आमच्या गल्लीत एकाने ईव्ही "बॅटरी सील असते" म्हणून दारातच ठेवली. बॅटरी सील असते, पण पुरात बुडालेल्या गाडीला वर्कशॉपवाले आणि विमावाले काय म्हणतात ते त्याला विचारा. उंचावरची जागा आधीच ठरवून ठेवा, कुणाचं अंगण, देवळाचं आवार, काहीही. आणि पावसाळ्यात बॅटरी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, गाडी हलवायची वेळ येते तेव्हा लाइट गेलेले असतात.

गुहागर_अपडाउन

सगळ्यांचे आभार. वायरमन दादा, कागद बघितला, गाडी 3.3 चीच आहे, म्हणजे तो प्रश्न मिटला. शेजारच्या मुलाकडून मल्टीमीटर आणून मोजलं. फेज-न्यूट्रल 228, न्यूट्रल-अर्थ 14. आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर तो म्हणाला, "खड्डे कशाला खणताय, सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून देतो, गाडी गुपचूप चार्ज होते, दोनशे रुपयांत काम." हे बरोबर आहे का?

जांभ्यातला_वायरमन

नाही! त्याला सॉकेटला हात लावू देऊ नका.

गाडी चार्ज होईल, हे खरं. गाडीला वाटेल अर्थ आहे. पण वादळात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला (आपल्याकडे दर पावसाळ्यात तुटतो), की घरातल्या चालू उपकरणांमधून फेज त्या न्यूट्रलवर येतो, आणि न्यूट्रल तुम्ही अर्थाला बांधलाय, म्हणजे तो थेट गाडीच्या बॉडीवर. टायर रबराचे, त्यामुळे गाडीच्या बॉडीत करंट तसाच राहणार. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून दार उघडायला जो जाईल त्याला बसेल. अशी जोडणी असली की आरसीसीबीचाही भरवसा राहत नाही, एक तर सारखा पडतो, नाहीतर नको तेव्हा पडत नाही. मग कंटाळून लोक आरसीसीबीच काढून टाकतात. बाजारात "अर्थ बायपास" म्हणून एक छोटा अडॅप्टर मिळतो, तोही हाच प्रकार.

14 व्होल्ट म्हणजे तुमचा अर्थ गेलेला आहे, नाहीतर घरातला न्यूट्रल कुठे तरी सैल आहे. आधी मीटरपासून डीबीपर्यंतचे सगळे स्क्रू आवळून परत मोजा. तरी आकडा उतरला नाही तर खड्डे घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं.

पेण_सोलरवाला

वेगळ्या मीटरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर गाडीचेच साडेतीनशे युनिट. घरचे शंभर-सव्वाशे मिळवा. घरगुती दरात 100, 300 आणि 500 अशा पायऱ्या आहेत, तुम्ही थेट तिसऱ्या पायरीवर. घरच्या मीटरवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या नियमांनी पूर्ण मुभा आहे, परवाना लागत नाही. पण 2024 च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनंतर ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते, आणि त्या दराला पायऱ्या नाहीत. स्थिर आकार मात्र दोनदा भरावा लागेल. दोन्ही बिलं कागदावर मांडून बघा, तुमच्या वापराला वेगळा मीटर परवडेल असं वाटतं. छप्पर मोकळं असेल तर छतावरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॉटला 78 हजार अनुदान आहे, फक्त कोकणातल्या जुलै-ऑगस्टवर भिस्त ठेवू नका.

जांभ्यातला_वायरमन

पेणवाल्यांशी सहमत. फक्त वेगळा मीटर घेतलात तर त्याची पेटीही आठ फुटांच्या वर. अर्जासोबत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो मेगर न लावता कुणी सही करून देत असेल तर घेऊ नका.

आणि खुंटीला टांगलेल्या गनवर झाकण घाला. तुमच्या भागात माकडं आहेत ना? आमच्या वाडीत एकाची केबल ओढून कौलांवर नेली होती.

गुहागर_अपडाउन

माकडं आहेत, आणि शनिवारी न चुकता येतात. सध्या शोरूमला कळवलंय की बॉक्स नको, त्याचे पैसे कमी करा. "पॅकेजमध्ये आहे, कमी होत नाही" असं उत्तर आलंय. यावर कुणाचा अनुभव?