आई-बाबांसह लंडन आणि झाग्रेब: वेगळा व्हिसा लागेल का?

नमस्कार. आम्ही दोघे भारतीय पारपत्रावर म्युनिकमध्ये राहतो आणि आमच्याकडे जर्मनीचा निवास परवाना आहे. पुण्याहून आलेल्या आई-बाबांचा शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांच्या सामायिक शेंगेन क्षेत्रासाठीचा) एकदाच प्रवेश देणारा आहे. त्यांना आधी लंडन आणि मग झाग्रेब दाखवण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर १: झाग्रेबची चिंता नसावी, कारण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. लंडनसाठी मात्र चौघांनाही ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागेल. जर्मन परवाना तिथे चालत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आई-बाबा लंडनला गेले की त्यांचा एकमेव प्रवेश संपेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असली तरी त्यांना जर्मनीत परतता येणार नाही. म्हणून झाग्रेब आधी करावे आणि लंडनहून त्यांना थेट मुंबईला पाठवावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

उत्तर २: सहमत. आई-बाबांच्या व्हिसावर छापलेले मुक्कामाचे दिवसही मोजून घ्यावेत. झाग्रेबला रेल्वेने जाणार असाल तर पारपत्र आणि परवाना दोन्ही जवळ ठेवा, कारण ऑस्ट्रियाहून जर्मनीत येताना गाडीत तपासणी होऊ शकते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. तिकिटे काढण्यापूर्वी विचारले हे बरे झाले. आता क्रम बदलते.