मदत हवी आहे: शाळेच्या धावण्याच्या संघासाठी नियमावली कशी लिहावी?

फक्कीपट्टी

नमस्कार मंडळी,

फलटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमचे क्रीडा शिक्षक निवृत्त झाले, जागा अजून भरलेली नाही, आणि "बाई, तुम्ही कॉलेजात पळायचात ना?" एवढ्या पात्रतेवर ॲथलेटिक्सचा संघ माझ्याकडे आला. १४ आणि १७ वर्षांखालची मिळून पंचवीसेक मुलं-मुली आहेत. तालुका स्पर्धा तोंडावर आली आहे.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, आधी नियमावली करा, पालकांच्या सह्या घ्या, मग सराव. कच्चा मसुदा त्यांनीच दिलाय. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. उशीर झाला की मैदानाला पाच फेऱ्या जादा. घटक चाचणीत नापास झाल्यास सराव बंद. मोबाईल आणल्यास जप्त. आणि शेवटी आपलं नेहमीचं, "शिस्तभंग केल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल."

नियम हवेत याबद्दल वाद नाही. पण हे कागदावर ठेवून मी माझ्या मुलांकडे बघते तेव्हा पंचाईत होते. ६०० मीटरला आमची सगळ्यात चांगली मुलगी सकाळी डेअरीला दूध घालून मग मैदानावर येते. संकलन सुरू होतं सहाला, सरावही सहालाच. म्हणजे या कागदाप्रमाणे ती रोज पाच फेऱ्या जादा पळणार आणि आठवड्याभरात संघाबाहेर जाणार. दुसरा एक नववीतला मुलगा, १५०० मीटरवाला, नडगी दुखते हे लपवत होता. प्रयोगशाळेच्या पायऱ्या तो कठडा धरून आडवा उतरताना दिसला म्हणून मला कळलं. विचारलं तर म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही काढलं असतं."

शिवाय मैदान आमच्या एकट्याचं नाही. पहाटे पोलीस भरतीची पोरं १६०० मीटर मारायला येतात. वागायला चांगली आहेत, पण आमच्या मुलांना डब्यातल्या पावडरी दाखवतात. आणि मैदानावर चिखल असला की रस्त्यावर पळावं लागतं. दिवाळीनंतर त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात.

शनिवारी पालकसभा आहे. ज्यांनी शाळेचा संघ सांभाळलाय, किंवा ज्यांची मुलं अशा संघात आहेत, त्यांनी सांगा: काय ठेवू, काय खोडू?

निवृत्त_शिट्टी

ताई, पहिल्यांदा त्या पाच फेऱ्या खोडा. बाकीचं नंतर बघू.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या मैदानावर गेली. धावणं ही शिक्षा आहे असं एकदा पोरांच्या डोक्यात बसलं की नववीनंतर मैदानावर कुणी फिरकत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा, पण तुमचा निम्मा संघ त्यातच मोडतो. उद्या एखादं पोर चक्कर येऊन पडलं तर तुमच्या मुख्याध्यापकांच्याच सहीचा कागद पुढे येईल. हे त्यांना शांतपणे सांगा, लगेच पटेल.

हजेरीचं गणित महिन्यावर नको, आठवड्यावर ठेवा. चार सराव असतील तर तीन हवेत, आणि येणार नसाल तर आदल्या संध्याकाळी निरोप हवा. मी निरोपाला हजेरीपेक्षा जास्त मान द्यायचो. न सांगता दांडी मारणारा आणि सांगून ऊस तोडायला जाणारा एकाच रांगेत उभे करायचे नाहीत. दूधवाल्या मुलीचा सराव साडेसहाला सुरू होतो असं लिहूनच टाका. ती सायकलवर किटली अडकवून येत असेल तर तिचा वॉर्म अप झालेलाच असतो, उलट बाकीच्यांचाच बाकी असतो.

रिलेला मात्र सवलत नाही. चार जणांतला एक आला नाही की तिघांचा दिवस वाया. ४ बाय १०० ला बॅटन बदलायचा पट्टा ३० मीटरचा असतो, पण तेवढ्यात वेग न मोडता बॅटन हातात देणं शिकायला त्याच चौघांनी महिनाभर एकत्र पळावं लागतं. म्हणून रिलेची हजेरी वेगळी आणि कडक. कारण समजावून सांगा, मुलं ऐकतात.

निवड हा खरा भांडणाचा विषय, आणि तुमच्या मसुद्यात त्यावर एक अक्षर नाही! निवड चाचणीची तारीख पंधरा दिवस आधी फळ्यावर लावा. वेळ दोघांनी घ्यायची, त्यातला एक संघाबाहेरचा शिक्षक. मुलाच्या देखत वहीत लिहायची. बाप भांडायला आला की वही पुढे करायची. माझ्या टेबलावर एक सरपंच येऊन बसले होते, वही बघून चहा पिऊन गेले.

स्पर्धेच्या दिवसाचं वागणं चार वाक्यांत बसतं. पंचांशी मुलांनी बोलायचं नाही, हरकत घ्यायची तर संघ व्यवस्थापक घेईल. फॉल्स स्टार्टला, म्हणजे इशाऱ्याआधीच पळालं तर, आता दुसरी संधी नाही, पहिल्यालाच बाद, त्यामुळे रडारड करून उपयोग नाही हे आधीच सांगून ठेवा. आपली शर्यत संपली म्हणून निघायचं नाही, शेवटच्या मुलाची होईपर्यंत थांबायचं. आणि जिथे बसलो तिथला कचरा उचलून निघायचं.

एक कलम शिक्षकांसाठीही घाला: वयाच्या दाखल्यात खाडाखोड होणार नाही. पुढे राष्ट्रीय पातळीवर हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासतात. तेव्हा पोर अडकतं, दाखला "नीट" करून देणारा नाही.

पळपुटा

माफ करा, पण जरा जास्तच लाड चाललेत. आमचे सर सायकलवरून मागे यायचे, हातात निरगुडीची छडी. त्या भीतीने जिल्ह्यापर्यंत गेलो. आजची मुलं कारणं सांगण्यात पटाईत आहेत. तीन दांड्या म्हणजे बाहेर, यात चूक काय? नियम सगळ्यांना सारखा पाहिजे.

फक्कीपट्टी

@पळपुटा, आणि जिल्ह्यानंतर?

(टोमणा नाही, खरंच विचारतेय. छडी गेल्यावर धावणं चालू राहिलं का?)

पळपुटा

नाही राहिलं. बरोबर पकडलंत. तरी तीन दांड्यांवर मी ठाम आहे.

टाच_आणि_गुडघा

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त दुखण्याबद्दल लिहितो.

नियमावलीतलं सगळ्यात वरचं वाक्य हे असू द्या: "दुखतंय असं सांगितल्याबद्दल कोणाचंही नाव संघातून कमी होणार नाही." तुमच्या नववीतल्या मुलाने जे उत्तर दिलं तेच मी दवाखान्यात ऐकत असतो.

या वयात हाडं वाढत असतात, स्नायू-कंडरा मागे पडतात. त्यामुळे टाचेला मागच्या बाजूने आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्याला दुखणं फार आढळतं. बहुतेक वेळा पळणं कमी केलं की आटोक्यात येतं. नडगीचं मात्र नीट बघा. हाडावर बोटाने दाबल्यावर नेमक्या एका जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल किंवा चाल बदलली असेल, तर तेल चोळून किंवा स्प्रे मारून पळवू नका. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. तुमचा मुलगा आडवा उतरत होता, म्हणजे चाल बदललेलीच आहे. त्याला या आठवड्यात घेऊन जा, शनिवारची वाट बघू नका.

विश्रांतीवरच्या मुलाला घरी बसवू नका. मैदानावर बोलवा, स्टॉपवॉच द्या, फक्की मारायला लावा. संघातच आहे हे त्याला दिसू द्या.

सरावाचा भार म्हणाल तर १४ वर्षांखालच्यांची सगळ्यात लांब शर्यतच ६०० मीटरची आहे. त्यांना रोज आठ-दहा किलोमीटर पळवणारे लोक मी पाहिलेत, त्यातून काय मिळवायचं असतं ते मला कळलेलं नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत. त्यातलं बरंचसं धावणं गप्पा मारता येतील इतकं सावकाश, एखाद्या दिवशी वेग, एखाद्या दिवशी चढ, आणि मधूनच खो-खो, लंगडी. कमीत कमी एक दिवस पूर्ण सुट्टी. अविनाश साबळेचं उदाहरण पालकांना सांगा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्रीत उतरला, स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) त्यानंतर वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. चौदाव्या वर्षी कुणाला पिळून काढायची गरज नसते.

रिकाम्या पोटी वेगाचा सराव नको. केळं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ खाऊन या म्हणावं. पावडरींबद्दल सरळ कलम घाला: शिक्षक आणि पालक दोघांना विचारल्याशिवाय डब्यातलं, पुडीतलं, सुईतलं काहीही घ्यायचं नाही. उत्तेजक चाचणीत खेळाडू लहान आहे म्हणून सूट नसते, आणि कुठल्या पावडरीत काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही.

तिसरी_लेन

मी विद्यापीठापर्यंत ४०० मीटर धावले. वरचं सगळं मान्य, पण मुलींबद्दल कुणीच बोललं नाही.

पाळीच्या दिवसांत पळायचं की नाही हे मुलीने ठरवायचं. "आज हलका सराव" एवढं म्हटलं की पुरे, पुढे चौकशी नको. पाळी तीन-चार महिने बंद असेल तर मात्र ती सरावाने "मुरली" असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा. कुणाच्याही वजनावर, अंगकाठीवर, कपड्यांवर शेरा मारायचा नाही. हे मुलांना लागू, शिक्षकांना लागू, आणि बांधावर बसून बघणाऱ्या काकांनाही लागू. "जरा उतरव की" हे एक वाक्य मी वर्षभर डोक्यात घेऊन फिरत होते आणि डबा अर्धा परत नेत होते.

बाहेरगावी जाताना शिक्षिका सोबत हवीच, मग संघात एकच मुलगी असली तरी. निरोप पालकांच्या ग्रुपवर द्यायचे, शिक्षकाने एकट्या मुलीला किंवा मुलाला खासगी मेसेज करायचा नाही. मालिश, स्ट्रेचिंगच्या नावाखाली बाहेरच्या कुणी अंगाला हात लावायचा नाही. तक्रार कोणाकडे करायची त्या शिक्षिकेचं नाव नियमावलीतच छापा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, पण तक्रार कुठे करायची हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं.

आणि सभेत कुणी म्हणालंच, "पोरीला पळवून काय मिळणार," तर शेजारच्या माण तालुक्याचं नाव घ्या. मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. मोही तुमच्यापासून लांब नाही, सभेत निम्म्या लोकांचे पाहुणे तिथे निघतील.

बांधावरचा_काका

तिसरी_लेन, आमच्याकडे बोट दाखवल्याचा निषेध. आम्ही फक्त टाळ्या वाजवतो.

रस्त्याचं सांगतो, ट्रॅक्टर माझाही आहे. ट्रॉलीला मागे दिवा असेल या भरवशावर राहू नका, रिफ्लेक्टर असला तर तो चिखलाने माखलेला असतो. मुलांना उजव्या कडेने पळवा, समोरून येणारं वाहन दिसलं पाहिजे. एका मागे एक. कानात इअरफोन नको. उजाडल्याशिवाय रस्त्यावर काढूच नका. आणि दोन उसाच्या ट्रॉल्या जोडलेल्या असतात हे लक्षात ठेवा, पहिली गेली म्हणून पोरगं रस्त्यावर येतं आणि दुसरी वळणावर आत घेते. त्यापेक्षा कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता बघा, मऊही आहे.

आठवीची_आई

परीक्षेच्या नियमाबद्दल. माझा मुलगा गणितात काठावर असतो. मागच्या वर्षी सराव बंद केला (वेगळी शाळा, नाव नको), तर गणित सुधारलं नाही, संध्याकाळी मोबाईल वाढला. नापास झाल्यास सराव बंद करण्याऐवजी आठवड्यातला एक सराव कमी करून त्या वेळी शाळेतच अभ्यासाला बसवता येईल का? दहावीला क्रीडा गुण मिळतात म्हणून शेवटच्या वर्षी सगळे धावतात आणि आठवीत मुलांना घरी बसवतात, हे काही खरं नाही.

निवृत्त_शिट्टी

ही सूचना चांगली आहे. आम्हाला सुचली नव्हती.

फक्कीपट्टी

सगळ्यांचे आभार. आज दुपारी मुख्याध्यापकांसमोर बसले होते.

कलम १७ ऐकून पाच फेऱ्या त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडल्या. दुखणं सांगितल्याने नाव जाणार नाही, हे पहिलं कलम झालं. हजेरी आठवड्यावर, चारपैकी तीन, आदल्या संध्याकाळी निरोप. रिलेची वेगळी. पळपुटा, तुमच्यासाठी एक ओळ ठेवलीय: न सांगता तीन दांड्या झाल्या तर पालकांना बोलावणं, आणि त्यानंतरही तेच चाललं तर नाव कमी. निवड चाचणीची वही कला शिक्षक सांभाळणार, त्यांचं अक्षरही चांगलं आहे. तक्रारीसाठी शिक्षिकेचं नाव छापायला सर आधी कचरले, "लोक काय अर्थ काढतील" म्हणून, पण शेवटी हो म्हणाले. अभ्यासाच्या तासाला गणिताच्या मॅडम तयार आहेत, फक्त बुधवारी.

"योग्य ती कारवाई" मात्र राहिलीच. त्यावर त्यांचा जीव आहे.

नडगीवाल्या मुलाला उद्या फलटणला दाखवायचंय, त्याचे वडील येतायत. दूधवालीला साडेसहा सांगितलं तर म्हणाली, "सव्वासहाला येईन, बाई."

शेवटचा प्रश्न. काही पालकांना वाचता येत नाही, त्यामुळे सही घेण्याआधी मी पूर्ण कागद मोठ्याने वाचणार आहे. दोन पानांच्या वर गेलं तर सभा उठेल. भरतीच्या पोरांचं कलम त्यात ठेवू, की त्यांच्याशी थेट बोलू?

तिसरी_लेन

थेट बोला. त्यांच्यात एखादा मोठा, ऐकणारा असतोच, त्याला मुलांच्या वेळा घ्यायला लावा. पावडरीचं कलम तेवढं कागदात राहू द्या, भरतीचं नाव न घेता.

निवृत्त_शिट्टी

सहमत. आणि कागदावर आई-वडील दोघांच्या सह्यांना जागा ठेवा. स्पर्धेला नेण्याचं संमतीपत्र मात्र वेगळं करा, त्यात रक्तगट, चालू औषधं आणि दोन फोन नंबर हवेत. माझ्याकडे जुना नमुना आहे, रात्री टाइप करून इथे टाकतो.