मदत हवी आहे : चाईवर चिनी पारंपरिक उपचार घ्यावेत का?

माझ्या उजव्या कानाच्या वर बटणाएवढी चाई पडली असून तिच्या कडेचे तुटके केस मुळाशी बारीक आणि टोकाशी जाड, अगदी उद्गारचिन्हासारखे दिसतात. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटल्याने असे होते, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले व चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शने सुचवली.

दरम्यान एका स्नेह्यांनी चिनी पारंपरिक वैद्यकाचा आग्रह धरला आहे. त्यात केसांना रक्ताचा शेष मानून त्यांचा संबंध मूत्रपिंडाशी जोडतात, चट्ट्यावर बारीक सुयांच्या छोट्या हातोडीने हलके ठोके देतात आणि पोटात ‘हे शौ वू’ नावाची मुळी देतात. ठोक्यांचे मला फारसे भय वाटत नाही (सुया निर्जंतुक असल्या म्हणजे झाले). धास्ती आहे ती मुळीची, कारण तिच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येतात, तेव्हा गुण नेमका कशाने आला हे ओळखायचे कसे?

ज्यांनी हे उपचार घेतले असतील त्यांनी ते किती महिने घेतले, इंजेक्शने सोबत चालू होती का आणि यकृताची रक्ततपासणी मधूनमधून केली होती का, हे कृपया कळवावे.