प्रति: कसेल त्याची जमीन

कूळ कायद्याबद्दल "१ एप्रिल १९५७ ला सगळी कुळं मालक झाली" असं म्हणतात, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारे त्या जमिनीचे मालक झाले, ते बऱ्याच अंशी खरं. पण त्यात एक मोठी फट होती. मालक विधवा, अज्ञान (अल्पवयीन) किंवा अपंग असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकललेली होती. अज्ञान सज्ञान होईपर्यंत, विधवा हयात असेपर्यंत. त्यानंतर वारसाला जमीन स्वतः कसायला मागायला एक वर्ष, आणि ते उलटलं की कुळानं पुढच्या वर्षभरात मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला खरेदीची नोटीस द्यायची (कलम ३२ फ). आता मळ्यात राबणारा माणूस मालकीणबाईंच्या मृत्यूची तारीख कुठून लक्षात ठेवणार? आमच्या वाळव्याकडच्या भाऊबंदांत हेच झालं. बाई पुण्यात वारल्या, इकडे कुणाला पत्ता नाही, नोटीस राहिली. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात कूळ म्हणून नाव होतं, तरी वारसांनी दावा लावला. कायदा कुळाच्या बाजूचा, मुदत मात्र मालकाच्या सोयीची, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडे ३२ म चं, म्हणजे कुळानं जमीन खरेदी केल्याचं, प्रमाणपत्र आहे त्यांनी विक्रीची फार धास्ती घेऊ नये. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विकता येते. घेणारा मात्र शेतकरीच हवा. आणि हो, सांगलीकरांनी जुने कागद शोधताना 'दक्षिण सातारा' बघावं, १९६० पर्यंत जिल्ह्याचं नाव तेच होतं.