भाड्याचं घर, मधला मॅनेजर आणि आपलं डिपॉझिट : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात बाणेरचं घर सोडलं. मालक बहरीनला, घर बघायला एक मॅनेजमेंट कंपनी. तीन वर्षांत मालकाचा आवाजही ऐकला नाही. भाडं कंपनीला, तक्रार कंपनीच्या अ‍ॅपवर, प्लंबरही कंपनीचाच. चावी दिली आणि एक लाखाच्या डिपॉझिटमधून ३८,००० कापले: रंगकाम २२,०००, डीप क्लीनिंग ६,०००, सोफ्याचा डाग १०,०००.

तो डाग आम्ही राहायला गेलो त्या दिवशीच होता. डाव्या बाजूच्या उशीखाली, बशीएवढा, कडेने गडद. माझ्या मुलीनेच उशी उचलून दाखवला होता. मी उशी परत जागेवर ठेवली आणि भांडी लावायला घेतली. फोटो नाही, मेल नाही.

रंगाचे पैसे महिनाभर पाठपुरावा करून परत मिळाले, कारण करारात ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ असं लिहिलेलं होतं. तीन वर्षांत भिंतीचा रंग विटणारच. सोफ्याचे मात्र गेले ते गेले.

मालक समोर नसतो तेव्हा कागद फार जपून करावा लागतो, हे मला उशिरा कळलं. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. आकडे लिहा, करारात काय होतं ते लिहा. आपलं चुकलं असेल तर तेही लिहा, त्याचा इतरांना जास्त उपयोग होईल.

वाकड, पुणे

आमच्या मॅनेजरने सांगितलं, ‘नोटरी करून टाकू, चालतं.’ चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे मी मेलवर लिहून पाठवलं, चार दिवसांत ऑनलाइन नोंदणी झाली.

खर्चाचंही सांगते. भाडं २८,०००, डिपॉझिट एक लाख, मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे ८०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर थोडं हाताळणी शुल्क. आमच्याकडून आधी ‘अ‍ॅग्रीमेंट चार्ज’ म्हणून ६,००० मागितले होते. पावत्या दाखवा म्हटल्यावर आकडा खाली आला.

नाशिक (मी दुसऱ्या बाजूचा आहे)

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. गंगापूर रोडवरचा त्याचा फ्लॅट मी कुलमुखत्यारपत्रावर सांभाळतो, म्हणजे तुम्ही ज्याला मॅनेजर म्हणता तो मीच. कुटुंब चांगलं होतं, भाडं कधी एक दिवस उशिरा आलं नाही. पण सिंकखालचा पाइप झिरपत होता आणि त्यांनी खाली पातेलं ठेवलं. रोज रात्री पातेलं ओतायचं आणि परत ठेवायचं. असं दोन महिने चाललं. मला कळलं तेव्हा ट्रॉलीच्या तळाचा प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघराच्या छताला ओल आली होती.

त्या भाडेकरू वहिनींना विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाल्या, ‘भाऊ, सारखं काय तक्रार करायची, वाटलं तुम्ही घर सोडायला सांगाल.’ मला फार वाईट वाटलं. पाइप बदलणं आमचं काम होतं, दीडशे-दोनशे रुपयांचं. ट्रॉली आणि खालचं छत मिळून १९,००० गेले. त्यातले ५,००० त्यांनी स्वतःहून दिले, मी घेतले. गळती दिसली की त्याच दिवशी कळवा, हे आता मी चावी देतानाच सांगतो, आणि कळवल्याबद्दल कुणाला घर सोडायला लावणार नाही हेही सांगतो.

ठाणे

सोसायटीने मालकाला महिन्याला २,५०० नॉन-ऑक्युपन्सी (सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतलं जाणारं शुल्क) लावले आणि एजन्सीने ते आमच्या बिलात टाकले. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ही रक्कम सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. आमचं सेवा शुल्क २,४००. म्हणजे फार तर २४०, आणि तेही सभासदाने द्यायचे. सेक्रेटरींना भेटून आदेशाची प्रत दिली. बिल दुरुस्त झालं, मागचे पैसे मालकाच्या खात्यात वळते झाले.

पिंपरी

मुदत संपली तरी नवीन घर मिळेना म्हणून १२ दिवस जास्त राहिलो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मुदतीनंतरच्या दिवसांचं भाडं दुप्पट लागू शकतं, हे माहीत नव्हतं. मालकीणबाईंनी साधं भाडंच घेतलं, त्यांचे उपकार. मुदतवाढ हवी असेल तर महिनाभर आधी मागा.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे बहुतेक इमारतींना हाउसफेरवाल्टुंग असते, म्हणजे व्यवस्थापन कंपनी. चावी देताना त्यांचा माणूस दीड तास घरात होता. प्रत्येक खोलीत आमच्यासोबत उभा राहून फरशीवरचा ओरखडा, खिडकीची सैल मूठ, वीज-पाण्याचं रीडिंग, किल्ल्या किती, सगळं लिहिलं आणि दोघांच्या सह्या झाल्या. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, तेही तीन हप्त्यांत देता येतं, आणि मालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवावं लागतं. पुण्यात वाढलेल्या मला हे ऐकूनच हायसं वाटलं.

जबाबदारीही तितकीच कडक. आपली पाळी आली की दाराला ‘केरवोखे’ची पाटी लागते, त्या आठवड्यात जिना आपण झाडायचा-पुसायचा. पहिल्या हिवाळ्यात मी थंडीपायी खिडक्या बंद ठेवून बेडरूममध्येच कपडे वाळवले. मार्चमध्ये कपाट सरकवलं तर मागे भिंतभर काळी बुरशी. चूक माझी होती, भिंतीचा खर्च मी भरला. आता बर्फ असला तरी सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडते.

हिंजवडी

मला सल्ला हवा आहे. येत्या ३१ला चावी द्यायची आहे, घर कंपनीचं, फर्निश्ड. वॉशिंग मशीनचा बिघडलेला ड्रम आणि बाल्कनीच्या जाळीचं भोक आधीपासूनचं आहे, पण माझ्याकडे फोटो नाहीत. आता काय करता येईल?

बाणेर (धागा मीच सुरू केला)

दादा, आधी फोनमधली जुनी गॅलरी चाळा. घरी पाहुणे आले असतील, वाढदिवस झाला असेल, तर कुठल्यातरी फोटोत मागे बाल्कनी असते. मशीनसाठी अ‍ॅपवर कधी तक्रार टाकली होती का बघा, त्यावर तारीख असते. सोसायटीत आधीच्या भाडेकरूंचा नंबर मिळाला तर त्यांना विचारा. आजच मेल करा की या दोन गोष्टी मी आलो तेव्हापासून अशा आहेत, आणि ३१च्या आधी एक दिवस ठरवून घर एकत्र बघू. त्या दिवशी सगळं घर स्वच्छ करून ठेवा, व्हिडिओ काढा, मीटरचंही रीडिंग त्यात घ्या. शेवटचं वीजबिल आणि गॅसबिल भरून पावत्या सोबत ठेवा. आणि किल्ल्या मोजून, त्यांची सही घेतल्याशिवाय देऊ नका.