संगीतावरचे माहितीपट : काय बघावं, कसं ऐकावं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कानसेनांनो, मनापासून आवडलेला संगीतावरचा एखादा माहितीपट सुचवा. नुसतं ‘अप्रतिम’ म्हणून सोडू नका. त्यात नेमकं काय ऐकायचं, कशावर ऐकायचं आणि कुठे गडबड होते, तेही लिहा. आलेली उत्तरं खाली, ज्याच्या त्याच्या गावाच्या नावाने.

नेरूळ

पहिलं नाव दिग्दर्शक मणि कौल यांच्या ‘ध्रुपद’चं. रुद्रवीणेवर उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर, गायनाला त्यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन डागर. मणि कौल स्वतः डागरांकडे शिकले होते आणि ते चित्रणात जाणवतं. निवेदन मोजकं आणि कॅमेऱ्याला आलापाचीच (रागाच्या संथ, तालाविना विस्ताराची) सवड. आपल्याकडच्यांनी तर तो बघायलाच हवा, कारण या घराण्याचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला आहे.

डागरसाहेबांनी वीणेचे भोपळे मोठे आणि तारा जाड करून घेतल्या होत्या. खर्जातला (अगदी खालचा) स्वर भरीव यावा आणि लांब टिकावा, म्हणून. नेमका हा खर्जच पातळ टीव्हीच्या स्पीकरमधून निघत नाही; साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या खाली ते हात टेकतात. मग मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) खाली उतरताना अर्ध्यात नाहीशी झाल्यासारखी वाटते. वायरवाले, पूर्ण कान झाकणारे हेडफोन लावून तोच भाग पुन्हा ऐका, स्वर खालपर्यंत गेलेला सापडेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ असेल तर तो बंद करा. तो हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे आलापातला चढ-उतार सपाट होतो. बऱ्याच जुन्या फिल्मचं चित्र ४:३ मापाचं असतं. टीव्ही ते ताणून १६:९ करत असेल तर ‘ओरिजिनल’ माप निवडा.

खारघर, तबला

सुमंत्र घोषाल यांचा झाकीर हुसेन यांच्यावरचा ‘द स्पीकिंग हँड’ सुचवतो. तबल्याचा कुठलाही माहितीपट ब्लूटूथवर मात्र बघू नका. साध्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे बोट पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) पडतं एकीकडे आणि ‘धा’ ऐकू येतो जवळजवळ पुढच्या मात्रेला. हाताचा निकास (बोल काढायची पद्धत) डोळ्यांनी शिकायचा असेल तर असं बघणं घातक. काही ॲप ही तफावत आपोआप भरून काढतात, पण सगळी नाही. खात्रीचा उपाय म्हणजे वायर, किंवा साउंडबार टीव्हीच्या ‘एचडीएमआय एआरसी’ लिहिलेल्या खाचेला केबलने जोडणं. तरीही फरक वाटला तर टीव्हीतला ‘ऑडिओ डिले’ शून्यावर आहे ना, ते बघा.

नौपाडा, ठाणे

कुमार गंधर्वांवर दोन वेगळ्या स्वभावाचे माहितीपट आहेत. जब्बार पटेलांचा ‘हंस अकेला’ फिल्म्स डिव्हिजनचा. शबनम विरमानींचा ‘कोई सुनता है’ त्यांच्या कबीर प्रकल्पातल्या चार चित्रपटांपैकी एक. माझ्या मते आधी पटेलांचा बघावा. क्षयाचं आजारपण, देवास, माळव्याची लोकधून असा धागा डोक्यात बसला की विरमानींचा जास्त उमगतो. तिथे माळव्यातले लोकगायक आणि कुमारजींची निर्गुणी भजनं एकमेकांशेजारी येतात. लोकगायकाच्या हातातला तंबोरा बघा. त्याच्या तारांवर लय धरलेली असते, तो ठेका देतो. मैफिलीतला तानपुरा ठेका देत नाही, सलग स्वर भरत राहतो. हा एक फरक कानात ठेवला की तेच पद दोन्हीकडे वेगळं का चालतं, ते कळतं.

वेळ कमी असेल तर एस. एन. एस. शास्त्री यांनी १९७० मध्ये केलेला उस्ताद अमीर खाँ यांच्यावरचा लघुपट आहे, वीसेक मिनिटांचा. ठाणे-वाशी लोकलमध्ये सहज संपेल, पण तिथे बघू नका. गाडीच्या खडखडाटात त्यांच्या अतिविलंबित (अगदी संथ) लयीतली शांतता हाती लागत नाही.

घोडबंदर रोड, गिटार

बँडमध्ये वाजवणाऱ्यांनी ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ बघावा. दिग्दर्शक जोनाथन डेमी, बँड टॉकिंग हेड्स, चित्रण हॉलिवूडमध्ये डिसेंबर १९८३ मधलं. सुरुवातीला रंगमंचावर गायक एकटा, हातात गिटार, शेजारी टेपरेकॉर्डर. दुसऱ्या गाण्याला बेस येतो, तिसऱ्याला ड्रम्स, चौथ्याला दुसरी गिटार. ड्रम्सचा चौथरा तर डोळ्यांदेखत ढकलत आणतात. पहिली चार गाणी सलग ऐका आणि प्रत्येक वेळी नव्या वाद्याने कुठली जागा भरली, तेवढंच टिपा. अरेंजमेंट शिकायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. प्रेक्षक जवळजवळ शेवटपर्यंत दाखवलेले नाहीत, त्यामुळे लक्ष वाजवण्यावरून हटत नाही.

गाणं घडतं कसं, हे पाहायचं असेल तर पीटर जॅक्सन यांचा बीटल्सवरचा ‘गेट बॅक’ (२०२१). तीन भाग, पावणेआठ तासांच्या आसपास. जानेवारी १९६९ चं मूळ ध्वनिमुद्रण मोनो होतं. त्यातून बोलणं आणि वाद्यं संगणकाने वेगळी काढली आहेत. पहिल्या भागात मॅकार्टनी बेसवर नुसते स्ट्रोक मारत बसतो आणि त्यातून हळूहळू चाल आकार घेते. तो तुकडा एकदाही न थांबवता बघा.

कोपरखैरणे

पियानो न वाजवणाऱ्यांनीही ‘पियानोमॅनिया’ (२००९) बघावा. स्टाइनवेचा ट्यूनर श्टेफान क्नुप्फर एकाच वाद्यातून कलाकाराला हवा तो आवाज काढून देण्यासाठी झटतो. पियानोच्या तारेवर आपटणाऱ्या हातोडीवरचं फेल्ट (लोकरीचा जाड थर) सुईने टोचून मऊ केलं की टोकदार स्वर गोल होतो. पेटीचे सूर किंवा तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तारेला मिळणारा झणकार) लावणाऱ्यांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल.

कळवा, साउंड

सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळी जमवून दाखवणार असाल तर आधी परवानगीचं बघा. घरगुती सबस्क्रिप्शनमध्ये सामूहिक प्रदर्शन बसत नाही, दिग्दर्शकाला किंवा वितरकाला रीतसर विचारावं लागतं.

मग आवाज. लॅपटॉपचा हेडफोन जॅक ॲम्प्लिफायरच्या माइक इनपुटला लावला की आवाज फाटतो, कारण माइकचा सिग्नल फार क्षीण असतो आणि तो खूप वाढवायलाच ते इनपुट केलेलं असतं. ‘लाइन’ किंवा ‘ऑक्स’ला लावा. तेही नसेल तर मधे डीआय बॉक्स (सिग्नल माइकच्या पातळीला उतरवणारी डबी) घ्या. जोडल्यावर सतत घुंsss ऐकू आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. काढल्यावर थांबलं तर दोष अर्थिंगच्या लूपचा. चित्रपट बॅटरीवर चालवा किंवा ऑडिओच्या वायरमध्ये आयसोलेटर (हा लूप तोडणारी डबी) लावा.

छतातले स्पीकर घोषणांसाठी असतात, गाण्यासाठी नव्हेत. दोन स्पीकर स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्याच्या जरा वर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. आपल्या हॉलना टाइल्स आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असतात, त्यामुळे टाळी वाजवली की आवाज घुमत राहतो. फरशीवर सतरंज्या, खिडक्यांना जाड पडदे, मागच्या भिंतीला दोन-तीन गाद्या उभ्या करा, बोल लगेच सुटे होतात. माणसं भरली की घुमणं आणखी कमी होतं, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये ट्रेबल कापत बसू नका. तपासणीसाठी चित्रपटातला सगळ्यात हळू आलाप शेवटच्या रांगेत बसून ऐका आणि आवाजाची पातळी त्यावरच ठरवा. पंखे मात्र तेव्हा चालू ठेवा.